मनगटांतील आठ हाडें व त्यांच्या न दिसणाऱ्या भेगा

धांवतांना किंवा चालतांना मनुष्याचा तोल गेला, म्हणजे विचार करण्यापूर्वींच तो हात पुढें करितो आणि तळहात जमिनीवर टेंकतो. डोकें व तोंड वांचविण्याची ही युक्ति त्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. परंतु या युक्तीची किंमत मनगटास द्यावी लागते. साऱ्या शरीराचा भार व पडण्याचा वेग हीं दोन्ही एका क्षणांत तळहाताच्या मुळाशीं येऊन आदळतात. बहुतेक वेळां मनगट नुसतें मुरगळतें, सूज येते, चार दिवसांत ती उतरते आणि गोष्ट विसरली जाते. कांहीं वेळां मात्र आंत एक लहानसें हाड चिरलेलें असतें. तें वरून दिसत नाहीं. पुष्कळदां क्ष-किरणांच्या पहिल्या चित्रांतही दिसत नाहीं. आणि दुर्लक्ष झाल्यास तो हात पुढें जन्मभर दुखतो. अशा लपलेल्या अस्थिभंगाचा शोध कसा लावितात, त्यासाठीं कोणकोणतीं साधनें आहेत, आणि त्यांपैकीं प्रत्येकाचें सामर्थ्य किती व मर्यादा कोणती, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. खेळणाऱ्या मुलांस आणि त्यांच्या वडीलमंडळींस ही माहिती सारखीच उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

प्रथम मनगटाची रचना पाहूं. कोपरापासून निघालेलीं दोन लांब हाडें मनगटापाशीं संपतात. अंगठ्याच्या बाजूचें तें रेडियस, व करंगळीच्या बाजूचें तें अल्ना. त्यांच्या पुढें, तळहाताच्या हाडांच्या अलीकडे, आठ लहान हाडें चार-चारांच्या दोन रांगांत बसविलेलीं आहेत. दगडी कमानींत जसा प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्यास धरून असतो, तशींच हीं हाडें एकमेकांस चिकट व बळकट बंधनांनीं बांधलेलीं असतात. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनीं त्यांस ग्रीक व लॅटिन भाषांतून जीं नांवें दिलीं, तीं त्यांच्या आकारावरून दिलीं. पहिल्या रांगेंत अंगठ्याकडून मोजूं लागल्यास स्कॅफॉइड म्हणजे नावेसारखें, ल्यूनेट म्हणजे चंद्रकोरीसारखें, ट्रायक्वेट्रम म्हणजे तीन कोनांचें, आणि पिसिफॉर्म म्हणजे वाटाण्याएवढें, अशीं चार हाडें लागतात. दुसऱ्या रांगेंत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट व हॅमेट हीं चार आहेत. यांतील शेवटच्यास एक आंकडा असतो व त्यावरूनच त्याचें नांव पडलें आहे. आपण पेन धरितों, पेला उचलितों, मोळी बांधतों, विहिरीचा दोर ओढतों, त्या प्रत्येक कामांत हीं आठही हाडें एकमेकांवर किंचित् सरकत असतात.

या आठांत मोडण्याचा प्रसंग सर्वांत अधिक वेळां जिच्यावर येतो ती ही नाव. आपण तिला नौकास्थि म्हणूं. याचें कारण तिच्या जागेंत आहे. बाकीचीं हाडें आपापल्या रांगेंत निमूटपणें बसलेलीं असतात. नौकास्थि मात्र पहिल्या रांगेंत असूनही दुसऱ्या रांगेपर्यंत पोंचते व दोन्ही रांगा जोडून धरिते. तळहात टेंकून मनुष्य पडला, म्हणजे मनगट मागें वांकतें आणि दोन रांगांमधील हा दुवा मधोमध दाबला जाऊन तडकतो. हा अपघात लहान मुलांत विरळा, म्हाताऱ्यांत थोडा, आणि खेळण्याच्या व कष्टाच्या वयांतील तरुणांत, विशेषतः मुलग्यांत, पुष्कळ आढळतो.

एवढ्याशा हाडाची एवढी काळजी कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर रक्ताच्या वाटेंत आहे. नौकास्थीचा बहुतेक पृष्ठभाग सांध्याच्या गुळगुळीत कूर्चेनें झांकलेला असतो. त्यामुळें रक्तवाहिन्यांस आंत शिरण्यास जागा फार थोडी उरते. बहुतेक रक्त बोटांकडील टोंकाच्या बाजूनें आंत शिरतें व तेथून उलट दिशेनें कोपराकडील टोंकापर्यंत जातें. शेताच्या एका टोंकास पाट फोडिला, व मध्येंच बांध फुटला, तर पलीकडचें पीक जसें वाळतें, तशी स्थिति येथें होते. हाड मध्यभागीं किंवा त्याच्याही अलीकडे, म्हणजे कोपराच्या बाजूस, चिरलें, तर अलीकडच्या तुकड्यास रक्त मिळेनासें होतें. मग तो तुकडा सांधत नाहीं, आणि कधीं कधीं मृतही होतो. दोन तुकडे एकमेकांवर घांसूं लागतात. कांहीं वर्षांनीं सारा सांधा झिजतो. मनगट ताठरतें, व पकडीचें बळ जातें. ज्या मुलास पुढें सुतारकाम, शेती, टंकलेखन किंवा शस्त्रक्रिया करावयाची आहे, त्याच्या उजव्या हाताची ही स्थिति होणें म्हणजे त्याच्या उपजीविकेचाच एक भाग मोडणें होय. उलट, हीच भेग वेळीं ओळखून हात स्थिर ठेविला, तर जागचें न हललेलें हाड बहुतेक रुग्णांत आपोआप सांधतें. एवढा मोठा फरक केवळ वेळेवर ओळखण्याच्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आतां ओळखण्याचा इतिहास पाहूं. क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीं वैद्यांपाशीं डोळे व बोटें यांखेरीज दुसरें साधन नव्हतें. तरीही त्यांची दृष्टि कमी नव्हती. आयर्लंडमधील डब्लिन येथील शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यानें १८१४ सालीं रेडियस हाडाच्या मनगटाजवळील अस्थिभंगाचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, तें केवळ स्पर्शानें व निरीक्षणानें केलेलें होतें. आणि आजही त्या अस्थिभंगास कॉलिसचेंच नांव आहे. परंतु रेडियस हें मोठें हाड; तें मोडलें म्हणजे हाताचा आकारच बदलतो. आंतल्या लहान हाडांची भेग अशी बोटांस लागत नाहीं. ती अनेकदां मुरगळणें या एका शब्दाखालीं गाडली जात असे.

तारीख ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील व्यूर्त्सबुर्ग येथील विद्यापीठांत विल्हेल्म कोनराड राँटगेन हा पदार्थविज्ञानाचा अध्यापक अंधाऱ्या खोलींत प्रयोग करीत होता. विजेचा प्रवाह सोडिलेली कांचेची नळी त्यानें काळ्या पुठ्ठ्यानें झांकिली होती. तरी जवळचा एक रासायनिक लेप दिलेला पडदा चमकूं लागला. पुठ्ठ्यांतून आरपार जाणारे हे किरण कोणते, हें ठाऊक नसल्यामुळें बीजगणितांतील अज्ञात राशीचें चिन्ह देऊन त्यानें त्यांस नांव दिलें. त्यालाच आपण क्ष-किरण म्हणतों. २२ डिसेंबर रोजीं त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें व बोटांतील अंगठी हीं स्पष्ट उमटलीं. पुढें २३ जानेवारी १८९६ रोजीं भर सभेंत त्यानें कोलिकर नांवाच्या वृद्ध शरीरशास्त्रज्ञाच्या हाताचें चित्र घेऊन दाखविलें. म्हणजे या किरणांचें पहिलें लक्ष्य हात हेंच होतें. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलेंच नोबेल पारितोषिक राँटगेन यास मिळालें. या शोधाचा मक्ता मात्र त्यानें घेतला नाहीं. शोध सर्वांकरितां मोकळा ठेविला.

त्या शोधाचा लाभ रुग्णांस किती लवकर मिळूं लागला, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावें. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर प्रांतांत हॅनोव्हर नांवाचें गांव आहे. तेथील एडी मॅकार्थी हा चौदा वर्षांचा मुलगा हिंवाळ्यांत गोठलेल्या कनेक्टिकट नदीवर घसरत खेळत असतां पडला व त्याच्या मनगटास इजा झाली. ३ फेब्रुवारी १८९६ रोजीं डार्टमथ कॉलेजांतील प्रोफेसर एडविन फ्रॉस्ट व त्यांचे डॉक्टर बंधु गिलमन फ्रॉस्ट यांनीं त्या मुलाचा हात वीस मिनिटें किरणांसमोर धरविला, आणि मोडलेलें हाड चित्रांत उमटलें. राँटगेनच्या शोधास तेव्हां तीन महिनेही झाले नव्हते. अमेरिकेंत रुग्णासाठीं घेतलेल्या अगदीं पहिल्या क्ष-किरण-चित्रांपैकीं हें एक. आणि तें एका शाळकरी मुलाच्या मनगटाचें आहे.

क्ष-किरण-चित्र म्हणजे वस्तुतः एक सांवली होय. मांसांतून किरण सहज जातात. हाडांत कॅल्शियम असल्यामुळें तेथें ते बरेचसे अडतात. म्हणून हाड पांढरें व भोंवतालचा भाग काळसर दिसतो. परंतु सांवलीचे जे दोष, तेच या चित्राचेही दोष आहेत. सांवलींत लांबी-रुंदी येते, खोली येत नाहीं. मनगटांत आठ हाडें एकमेकांच्या पुढें-मागें असल्यामुळें त्यांच्या सांवल्या एकांत एक मिसळतात. शिवाय नौकास्थि सरळ बसलेली नसून तिरपी बसलेली आहे. बंद दाराची फट आपण पाहतों ना? डोळा नेमका फटीच्या रेषेंत असला तरच पलीकडचा उजेड दिसतो. डोळा जरा बाजूस गेला कीं दार एकसंध भासतें. हाडांतील केंसाएवढी भेगही तशीच आहे. किरण नेमके भेगेच्या पातळींतून गेले, तरच ती काळ्या रेषेप्रमाणें उमटते.

म्हणूनच मनगटाचें एकच चित्र काढून भागत नाहीं. समोरून एक, बाजूनें एक, तिरपें एक, आणि मनगट करंगळीच्या बाजूस वळवून खास नौकास्थीसाठीं एक, अशीं चार तरी चित्रें साधारणतः काढितात. मनगट असें वळविलें म्हणजे आडवी पडलेली नाव उभी राहते व तिची पूर्ण लांबी दिसूं लागते. ट्रायक्वेट्रम या हाडाचा मागील बाजूस उडालेला टवका बाजूच्या चित्रांत सांपडतो. हॅमेटचा आंकडा, जो बॅट, रॅकेट किंवा गोल्फची काठी यांची मूठ तळहातावर जोरानें आदळल्यानें मोडतो, तो नेहमींच्या चित्रांत बहुधा लपूनच राहतो. त्यासाठीं मनगट मागें वांकवून निराळ्या कोनांतून चित्र घ्यावें लागतें. इतकें करूनही नौकास्थीच्या शंभर अस्थिभंगांपैकीं वीसपर्यंत अस्थिभंग पहिल्या दिवशींच्या चित्रांत दिसत नाहींत, असें अनुभवास आलें आहे. वाचकांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें. चित्र निर्दोष असणें आणि हाड निर्दोष असणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

मग संशय तरी कशावरून घ्यावा? येथें डॉक्टरांचीं बोटें पुनः कामास येतात. अंगठा ताठ करून वर उचलिला, म्हणजे त्याच्या मुळाशीं दोन कंडरांच्या मध्यें एक लहानशी खळगी पडते. पूर्वीं युरोपांत लोक या खळगींत तपकीर ठेवून हुंगीत असत. म्हणून शरीरशास्त्रांत तिला तपकिरीची डबी असेंच नांव पडलें आहे. या खळगीच्या तळाशींच नौकास्थि आहे. तेथें दाबल्यावर दुखलें, तळहाताच्या बाजूनें अंगठ्याच्या मुळाखालीं दाबल्यावर दुखलें, आणि अंगठा त्याच्या लांबीच्या दिशेनें आंत ढकलल्यावर दुखलें, तर संशय बळावतो. अशी दुखणारी सर्वच मनगटें मोडलेलीं नसतात. किंबहुना चित्र निर्दोष असलेल्या बहुतेक संशयितांस अस्थिभंग नसतोच. परंतु कोणास आहे व कोणास नाहीं, हें त्या दिवशीं सांगतां येत नाहीं. म्हणून सर्वांचीच काळजी घेणें प्राप्त होतें.

यावर जुना व आजही अनेक ठिकाणीं चालणारा उपाय म्हणजे प्लॅस्टर घालून थांबणें हा होय. संशय असेल तर हात प्लॅस्टरांत किंवा पट्टींत स्थिर करावा व दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हां चित्रें घ्यावीं. या अवधींत शरीर आपलें दुरुस्तीचें काम सुरू करितें. भेगेच्या कडांवरील निर्जीव कण शोषले जातात. त्यामुळें भेग किंचित् रुंद होते, आणि जी पूर्वीं दिसत नव्हती ती आतां दिसूं लागते. या उपायास फारसा खर्च नाहीं व तो खेड्यांतही करितां येतो. पण त्यांत दोन उणीवा आहेत. ज्यांस कांहींच झालेलें नाहीं अशा अनेकांचा हात दोन आठवडे विनाकारण अडकून पडतो. आणि दुसऱ्या चित्रांतही कधीं कधीं भेग दिसत नाहीं.

त्यापुढील साधन म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्यानें केलेली अस्थितपासणी. टेक्नेशियम नांवाच्या धातूचा एक प्रकार, ज्याचें सामर्थ्य दर सहा तासांनीं निम्मे होतें, तो हाडांकडे जाणाऱ्या द्रव्यांत मिसळून अगदीं अल्प प्रमाणांत शिरेंत टोंचतात. जेथें हाडाची दुरुस्ती जोरांत चालू असते तेथें तें द्रव्य अधिक गोळा होतें, आणि यंत्रास तो भाग उजळ दिसतो. एखाद्या वाड्याशीं गवंडी व चुन्याच्या पाट्या जमलेल्या पाहून आंत कांहीं पडलें असावें असें आपण ताडतों, तसाच हा प्रकार आहे. परंतु गवंडी नक्की कोणत्या कामासाठीं आले हें जसें दुरून कळत नाहीं, तसेंच येथेंही भेग, सूज कीं दुसरा विकार हें निश्चित कळत नाहीं. आज पुढील दोन साधनें मिळत असल्यामुळें ही तपासणी या कामीं मागें पडली आहे.

त्यांतलें पहिलें सी. टी. स्कॅन. इंग्लंडमधील गॉडफ्रे हाउन्सफील्ड या यंत्रविशारदानें तें प्रत्यक्षांत आणिलें. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडन येथें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें चित्र त्या यंत्रानें घेण्यांत आलें. आणि १९७९ सालीं हाउन्सफील्ड व त्याच विषयाचें गणित स्वतंत्रपणें मांडणारे अ‍ॅलन कॉर्मॅक या दोघांस वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. यांतही क्ष-किरणच वापरतात. परंतु ते एकाच बाजूनें न सोडतां सभोंवार फिरवून सर्व बाजूंनीं सोडतात, व मिळालेल्या मापांवरून गणकयंत्र आंतील भागाच्या पातळ चकत्यांचीं चित्रें तयार करितें. काकडी न कापतां तिच्या चकत्या पाहावयास मिळाव्या, तसेंच हें होय. चकत्या नौकास्थीच्या लांबीच्या दिशेनें मांडल्या, म्हणजे तुकडे जागचे हलले आहेत काय, हाड वांकडें झालें आहे काय, व पुढें तें सांधलें कीं नाहीं, हें उत्तम कळतें. हॅमेटच्या आंकड्याची भेग दाखविण्यासही हेंच साधन चांगलें. मात्र हाडाचें कवच मुळींच न हललेलें असें सूक्ष्म इजेचें स्वरूप सी. टी. च्याही नजरेंतून कधीं कधीं निसटतें.

दुसरें साधन एम. आर. आय. यांत क्ष-किरण मुळींच नाहींत. आपल्या शरीरांत पाणी व चरबी विपुल आहे, आणि या दोहोंत हायड्रोजनचे अणु आहेत. रुग्णास प्रबळ चुंबकाच्या पोकळींत ठेविलें, म्हणजे या अणूंचीं केंद्रें चुंबकाच्या प्रभावाखालीं येतात; त्यांस रेडिओच्या लहरींचा धक्का दिला कीं तीं उलट सूक्ष्म संदेश देतात, व त्या संदेशांवरून चित्र तयार होतें. रुग्णालयांत सामान्यतः आढळणारा दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें तीस हजार पट प्रबळ असतो. ही पद्धति मानवी उपयोगास आणण्याचा पाया घालणारे पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

एम. आर. आय. चें वैशिष्ट्य असें कीं, तें भेगेपेक्षां भेगेची ओल पाहतें. पावसाळ्यांत छपराची चीर डोळ्यांस दिसत नाहीं. पण भिंतीवर ओल उमटली म्हणजे वर चीर आहे हें घरधनी ओळखतो. त्याचप्रमाणें हाड चिरलें कीं त्याच्या आंतील मज्जेंत रक्त व द्रव झिरपतो, आणि ती ओल इजेनंतर थोड्याच वेळांत या चित्रांत उमटते. म्हणून लपलेला अस्थिभंग शोधण्याच्या कामीं आजच्या सर्व साधनांत हें अधिक विश्वसनीय मानितात. बंधनें तुटलीं असल्यास तींही यांतच दिसतात. इंग्लंडमधील नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनें २०१६ सालीं असें सुचविलें कीं, डॉक्टरांनीं नीट तपासल्यावर नौकास्थीच्या अस्थिभंगाचा संशय आल्यास प्रथमच एम. आर. आय. करण्याचा विचार व्हावा. याही साधनास उणीवा आहेतच. हाडास नुसता मुका मार लागला तरी ओल दिसते, व तिला भेग समजण्याची चूक होऊं शकते. यंत्राचा आवाज मोठा असतो, हात बराच वेळ स्थिर ठेवावा लागतो, शरीरांत कांहीं प्रकारचे धातु किंवा यंत्रें बसविलेलीं असल्यास तपासणी करितां येत नाहीं, आणि खर्च क्ष-किरणांच्या चित्राहून पुष्कळच अधिक येतो.

लहान मुलांच्या मनगटाविषयीं दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. जन्मतांना या आठ हाडांच्या जागीं नुसती कूर्चा असते, व ती चित्रांत दिसत नाहीं. पहिल्या कांहीं महिन्यांत कॅपिटेट व हॅमेट यांत हाड धरूं लागतें. नौकास्थींत तें सुमारें चौथ्या ते सहाव्या वर्षीं दिसूं लागतें. आणि वाटाण्याएवढ्या पिसिफॉर्मची पाळी सर्वांत शेवटीं, नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. त्यामुळें लहान मुलाचें चित्र पाहून हाडें नाहींशीं झालीं कीं काय, असें आईबापांनीं भिण्याचें कारण नाहीं. या वयांत नौकास्थीपेक्षां रेडियसचें टोंकच अधिक मोडतें; तेंही पुष्कळदां पूर्ण न मोडतां ओल्या फांदीप्रमाणें नुसतें दबतें. अशा इजेसाठीं ध्वनिलहरींच्या साध्या तपासणीनेंही काम भागूं शकतें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड येथें ५ ते १५ वर्षांच्या मुलांवर केलेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, प्रथम ध्वनिलहरींनीं तपासलेल्या मुलांचा हात चार आठवड्यांनीं क्ष-किरणांनीं तपासलेल्यांइतकाच चांगला चालत असल्याचें दिसून आलें.

किरणांच्या अपायाचें भय कित्येक पालक बोलून दाखवितात. हें भय अगदींच निराधार नाहीं. आरंभींच्या काळीं या किरणांचे दुष्परिणाम ठाऊक नसल्यामुळें अनेक संशोधकांचे हात जळाले. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली हा तर १९०४ सालीं त्यांतच मृत्यु पावला. त्यांच्या दुःखांतून मिळालेल्या शहाणपणामुळें आज किरण अत्यंत मोजून वापरतात. पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकास जमिनींतून व आकाशांतून वर्षाकांठीं सरासरी सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. मनगटाच्या क्ष-किरण-चित्रानें मिळणारा भाग सुमारें ०.००१ मिलिसीव्हर्ट, म्हणजे अवघ्या कांहीं तासांत निसर्गतः मिळतो तितकाच. यास्तव डॉक्टरांनीं जरूर म्हणून सांगितलेलें चित्र भयानें टाळणें शहाणपणाचें नाहीं. तसेंच, जरूर नसतां चित्रें काढण्याचा आग्रह धरणेंही योग्य नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट या सर्वाचें सार सांगते. फुटबॉल खेळतांना तो चिखलांत पडला. पहिल्या चित्रांत कांहीं निघालें नाहीं. तरी अंगठ्याच्या मुळाशीं दुखत असल्यामुळें प्लॅस्टर घालून त्यास बाराव्या दिवशीं पुन्हां बोलाविलें. चौथ्या दिवशींच सूज उतरली. घरांतील वडीलमाणसांचें म्हणणें पडलें कीं, चित्र जर चांगलें आहे, तर प्लॅस्टर कापून टाकावें, हाडवैद्याकडून मनगट चोळून घ्यावें, आणि शहरास जाण्यायेण्याचा खर्च वांचवावा. आई मात्र अडून बसली. ती फारशी शिकलेली नव्हती. तिचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यानें बोलाविलें त्यानें कांहीं मनांत धरूनच बोलाविलें असेल. बाराव्या दिवशीं चित्रांत नौकास्थीच्या मधोमध बारीक काळी रेषा स्पष्ट दिसली. दहा आठवडे प्लॅस्टर राहिलें. सहामाही परीक्षेचीं उत्तरें त्या मुलानें तोंडानें सांगितलीं व लेखनिकानें लिहिलीं. वार्षिक परीक्षा त्यानें स्वतःच्या उजव्या हातानें दिली. ती रेषा चोळली गेली असती, तर काय झालें असतें याचा विचार वाचकांनींच करावा.

शेवटीं पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या ध्यानांत राहाव्या अशा चार गोष्टी सांगतों. हात टेंकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशीं दुखूं लागलें, तर मनगट चोळूं नये, ओढूं नये, शेंकूं नये. पुठ्ठा किंवा पट्टी बांधून हात गळ्यांत अडकवावा व डॉक्टरांस दाखवावें. चित्र चांगलें निघालें तरी, पुन्हां येण्याची तारीख दिली असल्यास ती कदापि चुकवूं नये. एम. आर. आय. जेथें मिळत नाहीं किंवा परवडत नाहीं, तेथें प्लॅस्टर व धीर हीं दोन साधनें आजही खरीं आहेत. आणि भेग निघालीच, तर लगेच शस्त्रक्रियेच्या भयानें खचूं नये. ब्रिटनमध्यें ४३९ प्रौढ रुग्णांवर केलेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत, नौकास्थि मध्यभागीं मोडून फारशी न हललेल्यांत, प्रथम प्लॅस्टर घातलेल्यांचें व लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांचें मनगट एका वर्षानें सारखेंच चालत असल्याचें आढळलें. ज्यांचें हाड प्लॅस्टरांत सांधलें नाहीं त्यांची शस्त्रक्रिया मात्र मागाहून लगेच करावी लागली. तुकडे अधिक हलले असतील, किंवा भेग कोपराकडील टोंकास असेल, तर शस्त्रक्रिया पुष्कळदां इष्ट ठरते. तो निर्णय तज्ज्ञांचा आहे.

मैदानावर जाण्याचें कोणीं सोडावें असा आमचा हेतु मुळींच नाहीं. मुलांनीं खेळावें, पडावें व पुन्हां उठावें. उठल्यावर मनगट दुखत असेल, तर तें लपवूं मात्र नये. आणि घरीं सांगितल्यावर वडीलमाणसांनीं तें थट्टेवारी नेऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.